शुक्रवारचं वाचन

लाल गोल त्यांनी नेमका तिथंच काढला होता. पंचवीस वर्षांत लिहिलेला सगळा कोड, छापला तर अडीचशे पानं भरतील एवढा, आणि त्यातून हुडकून हुडकून माझ्या त्याच एका शब्दाभोवती गोल, शेजारी टीप : 'हे कुणालाही वाचता येणार नाही.' बेंगळुरूत, यशवंतपूरच्या मेट्रो स्टेशनवर, सरकत्या जिन्याच्या तोंडाशीच उभी राहून मी ते फोनवर बघत होते. मागून एक बाई 'स्वल्प दारी बिडी', जरा वाट सोडा, म्हणाली आणि मी हलेपर्यंत न थांबता मला कोपरानं बाजूला सारून वर गेली. मला आधी राग आला आणि मग चोरी सापडल्यासारखं वाटलं. दोन्ही सांगून टाकते, कारण पुढं जे झालं ते या दोन्हींतूनच झालं. गोलाच्या खालच्या पानावर निवेदन होतं. आमच्या यंत्रांचा मूळ कोड फोर्थ नावाच्या जुन्या भाषेत आहे, तो माणसाला वाचता येण्याजोगा नाही, म्हणून तो पूर्ण टाकून नव्यानं लिहून घ्यावा, आणि याला मूळ लेखिकेची संमती आहे. त्याखाली माझं नाव आणि सहीसाठी मोकळी रेघ. साडेअकराला कोरमंगलाच्या ऑफिसात बैठक. सही केली तर दोन वर्षं सल्लागार म्हणून ठेवतील. नाही केली तर या महिन्याच्या अखेरीस नारळ, शाल आणि घर. घरी कुणी नाही. माझ्या नवऱ्याला, गुरुप्रसादला जाऊन चार वर्षं झाली. सकाळी सातला उठून कुठं जायचं हा प्रश्न ज्यांना पडलेला नाही त्यांनी दोन वर्षांना कमी लेखू नये.

गाडीत जागा मिळाली. खिडकीबाहेर गोदामांचे पत्रे, भिंतीवर वाळत घातलेल्या सतरंज्या, मग मल्लेश्वरमची झाडं. मी मनात भांडायला सुरुवात केली होती. वाचता येत नाही म्हणे. नाचता येईना अंगण वाकडं. ज्या पोरांनी आयुष्यात एकदाही आपला कोड मोठ्यांदा वाचलेला नाही ती मला वाचनाबद्दल सांगणार. फोर्थ काय आहे ते मला कुणी विचारलं की मी स्वयंपाकघरात नेते. ताटात चपात्यांची चळत असते. नवी चपाती वर ठेवायची, घ्यायची ती वरचीच. फोर्थमध्ये आकडे असे एकावर एक ठेवायचे आणि प्रत्येक शब्दानं वरचे हवे तेवढे उचलून आपलं काम करायचं, उत्तर परत वर ठेवायचं. बस. भाषेचं व्याकरण म्हणावं असं फारसं नाहीच. कंस नाहीत, महिरपी नाहीत, अर्धविरामांची खडी नाही. जे नाही ते तुम्ही करायचं. आपले शब्द आपण घडवायचे, लहान शब्दांतून मोठे, मोठ्यांतून आणखी मोठे, आणि शेवटी जो सगळ्यांत मोठा शब्द होतो तो वाचला की यंत्र काय करणार ते ऐकणाऱ्याला कळायला हवं. आमच्या यंत्राचा मोठा शब्द सुरुवातीला असा होता : दार लाव, हवा काढ, एकशे एकवीस अंश गाठ, पंधरा मिनिटं धर, वाफ सोड, दार मोकळं कर. अक्षरं रोमन होती, त्या काळच्या चिपला दुसरी कळत नव्हती, पण शब्द हेच होते. हा कोड आहे. यावर टीप लिहावी लागत नाही. आमची यंत्रं हॉस्पिटलातली, ऑपरेशनची हत्यारं वाफेत निर्जंतुक करणारी. कपाटाएवढा प्रेशर कुकर म्हटलं तरी चालेल. फरक एवढाच की घरच्या कुकरचं झाकण आपण अंदाजानं उघडतो आणि इथं दार कधी उघडायचं ते माझा कोड ठरवतो. दारासमोर कुणीतरी नर्स उभी असते.

चिकपेट आलं तसे निम्मे लोक उतरले. खाली जमिनीत असल्यानं तिथं काही दिसत नाही, पण वर कुठंतरी आप्पाजींचं हार्डवेअरचं दुकान होतं हे दर वेळी आठवतं. कंपनी त्यांनी काढली. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडं आलेलं, मराठी अशी की वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि कन्नडमध्ये जाऊन बसायचं. मी नोकरीला लागले तेव्हा त्यांनी मला एकच अट घातली. "प्रतिमाअक्का, तू काय लिहितीस ते मला कळू दे नको, सरी. देवाप्पाला कळलं पाहिजे. त्याला नाही कळलं तर ते मशीनमध्ये जाणार नाही, अष्टे." सरी म्हणजे बरं, अष्टे म्हणजे एवढंच. देवाप्पा आमचा बॉयलरवाला. निपाणीकडचा, चौथीपर्यंत शिकलेला, वाफेबरोबर तीस वर्षं काढलेली, डाव्या मनगटापासून कोपरापर्यंत कातडी गुळगुळीत झालेली. तेव्हा मी अठ्ठावीस-तीसची, डिग्री ताजी, नाकावर राग. बॉयलरवाल्याला कोड वाचून दाखवायचा म्हणजे माझा अपमानच वाटला होता मला. पण शुक्रवारी जेवणानंतर वाचन सुरू झालं आणि ते पुढं कितीतरी वर्षं चाललं. मी स्टुलावर बसून वाचायची, तो यंत्रासमोर उभा राहायचा. ऐकून मान डोलवायचा नाही. मी वाचेन ते तो हातानं करायचा. 'दार लाव' म्हटलं की चाक फिरवायचा, 'हवा काढ' म्हटलं की झडपेवर हात न्यायचा, यंत्र बंद असलं तरी. हात न अडता चालले तर शब्द बरोबर. हात हवेत थांबला तर शब्द चुकला, मग माझं गणित कितीही बरोबर असो. मी वाद घालायची. तो घालायचा नाही, नुसता हात तसाच हवेत धरून उभा राहायचा, आणि त्या हातापुढं माझी सगळी डिग्री गप्प व्हायची.

एकदा मी 'वाफ सोड, दार मोकळं कर' असं वाचलं आणि हात मध्येच थांबला. "बाई, वाफ सोडली म्हंजे गेली व्हय? काट्याकडं बघाय नको?" मी म्हटलं, झडप पूर्ण उघडली की चाळीस सेकंदांत दाब उतरतो, मी हिशेब केलाय. तो म्हणाला, "झडप तुंबती की. हिशोबाला कुठं ठावं." त्या दिवशी दोन शब्दांच्या मध्ये 'दाब शून्य होईपर्यंत थांब' हे आलं. पुढं किती झडपा तुंबल्या असतील आणि किती दारं त्या एका ओळीनं धरून ठेवली असतील याची नोंद कुठंही नाही, कारण जे घडत नाही त्याची नोंद कोण ठेवणार. आणि आता कोरमंगलातला कुणी हे सगळं टाकून नव्यानं लिहिणार. त्याच्यापुढं कुणाचा हात हवेत थांबणार आहे? शेजारी बसलेल्या मुलीनं माझ्याकडं वळून बघितलं. म्हणजे मी थोडंसं मोठ्यानं बोलले होते. बोलले तर बोलले.

पण खाई त्याला खवखवे. मी हे सगळं मनाशी एवढं तावातावानं का म्हणत होते ते मला ठाऊक होतं. तो लाल गोल. त्या शब्दाचं नाव नुसतं 'सुधार'. बेंगळुरू समुद्रापासून तीन हजार फूट वर, इथल्या हवेचा दाब मंगळुरूपेक्षा कमी, मडिकेरीत त्याहून कमी. यंत्रातला काटा भांड्यातला सगळा दाब सांगतो, त्यातून त्या गावच्या हवेचा दाब वजा केला की दारामागं खरोखर किती वाफ कोंडली आहे ते कळतं. शून्य म्हणजे नेमकं किती, हे गावागणिक बदलतं. एवढंच काम. देवाप्पाला दोन मिनिटांत करून दाखवता आलं असतं. पण तो तेव्हा नव्हता. बाकी सगळा कोड त्याच्यापुढं वाचून झाल्यावर तो निवृत्त होऊन गावी गेला, आप्पाजी थकले, मुलांनी अर्धी कंपनी विकली, आणि नवे मॅनेजर पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाच्या टेबलाशी येऊन विचारून गेले, तुमच्याशिवाय हे काम आणखी कुणाला येतं? मी त्या दुपारी 'सुधार' लिहिला. चळतीवर तीन आकडे ठेवले आणि मग नक्कल कर, तिसरं वर आण, अदलाबदल कर, दुसऱ्याची नक्कल वर घे, पुन्हा अदलाबदल, पुन्हा तिसरं वर, वजा कर, वरचं टाक, असलंच आणखी काही. एका ओळीत अकरा कसरती. वाढणाऱ्यानं चळत नीट रचली असेल तर जेवणाऱ्याला खालची चपाती उपसून काढावी लागत नाही, हे मीच नव्या पोरांना शिकवायची. गुरुप्रसाद तेव्हा आजारी होता, घराची काळजी होती, असं आता सांगता येईल आणि लोक मान डोलावतील. खोटं आहे. तो ठणठणीत होता, संध्याकाळी कोडबळी खात क्रिकेट बघत होता. मी भ्यायले होते आणि त्याहून जास्त मला माज चढला होता. तो शब्द कुणापुढं वाचला नाही. उत्तर बरोबर यायचं. डोंगरावरच्या नाहीतर किनाऱ्यावरच्या हॉस्पिटलात यंत्र बसवायचं निघालं की सगळे माझ्याकडं यायचे, मॅडम, तेवढं तुम्हीच बघा, आणि मी चष्मा लावून उगाच दहा मिनिटं घालवून मग सांगायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. दहाएक वर्षं मी त्या मुठीवर जगले. अडीचशे पानं कुणालाही वाचता येतील अशी लिहिली आणि नोकरी टिकवली ती एका ओळीवर, हे मी गुरुप्रसादलासुद्धा सांगितलं नव्हतं.

जयनगरला उतरून ऑटो केली. ऑटोवाला सिग्नलला थांबला की मागं वळून माझ्याकडं बघायचा, मी रडते की काय असं त्याला वाटलं असावं. मी रडत नव्हते. मी सही करायचं ठरवत होते. करून टाकावी. त्या गोलातलं त्यांचं म्हणणं खरं आहे, मग बाकीच्या अडीचशे पानांबद्दल मी कशाला शहाणपणा करू? सही केली की 'सुधार'सुद्धा इतर सगळ्याबरोबर कचऱ्यात जाईल, कुणाला कधी कळणार नाही, आणि वर दोन वर्षं. इतकं सोयीचं होतं ते, की मला स्वतःचीच शिसारी आली. माझं एक पाप झाकायला देवाप्पाच्या सगळ्या शुक्रवारांवर मी 'वाचता येत नाही' असं लिहून देणार होते. "सरी मॅडम, इदे बिल्डिंगा?" ऑटोवाला विचारत होता. हीच बिल्डिंग.

खोलीत काचेच्या भिंती आणि थंडी. श्रीवत्स, नवा इंजिनिअरिंगचा प्रमुख, पस्तिशीचा, सभ्य मुलगा. मी त्याला दुष्ट ठरवायचा पुष्कळ प्रयत्न केला होता, जमलं नाही. त्याच्या शेजारी संहिता, चार महिन्यांपूर्वी लागलेली, आप्पाजींसारख्याच जुन्या मराठी घराण्यातली, ऑफिसात सगळ्यांशी हिंदी-इंग्रजी आणि माझ्याशी तेवढी घरची भाषा. लाल गोल तिनं काढला होता. मी बसल्याबरोबर तिनंच सांगितलं. "अक्का, माझ्यावर सिट्टू करू नका, रागावू नका. मी सगळं वाचायला बसले होते. बाकीचं कळलं मला. हे एकच कळलं नाही, म्हणून मी गोल केला. ते रिपोर्टमध्ये असं लिवतील मला माहीत नव्हतं."

बाकीचं कळलं मला. चार महिन्यांची पोर, हातात कुणी वही दिली नाही, शिकवलं नाही, आणि बाकीचं कळलं. मी श्रीवत्सकडं बघितलं. तो म्हणाला, "मॅडम, पर्सनली मत लीजिए. एक जगह अनरीडेबल है तो सेफ्टी ऑडिट में पूरा ही अनरीडेबल गिना जाएगा. आप बस साइन कर दीजिए, बाकी हम देख लेंगे." आणि त्यानं कागद आणि पेन माझ्याकडं सरकवलं, पेनाचं टोपण काढून.

मी पेन घेतलं नाही. संहिताचा लॅपटॉप ओढून घेतला आणि म्हटलं, अर्धा तास द्या मला. मी 'सुधार' उघडला आणि त्या अकरा कसरती बघत राहिले. किती हुशारीनं केलं होतं मी हे! मग एकेक गाठ सोडवायला लागले. 'गावची उंची विचार' हा एक शब्द वेगळा केला. 'तिथल्या हवेचा दाब काढ' हा दुसरा. 'भांड्यातल्या दाबातून वजा कर' हा तिसरा. शेवटी 'उरला तो खरा दाब'. अर्धा तास लागला नाही, बारा मिनिटं लागली. बेंगळुरू, मंगळुरू, मडिकेरी तिन्ही गावांचे आकडे जुन्या आणि नव्या दोन्ही शब्दांतून काढले, तिन्ही जुळले. मग मी संहिताला म्हटलं, वाच. मनात नाही, मोठ्यांदा. ती आधी लाजली, काचेपलीकडं लोक बघत होते. मग उभी राहून वाचायला लागली, प्रत्येक शब्द श्रीवत्ससाठी हिंदीतही सांगत, आणि कुठंही अडखळली नाही. श्रीवत्स फोन उलटा ठेवून ऐकत होता. "अरे, ये तो समझ में आ रहा है," तो म्हणाला, आणि त्याच्या स्वरात खरंच नवल होतं. मला इतका आनंद झाला की क्षणभर मी सगळं विसरले. मी जिंकले होते. उठून त्याला म्हणणार होते, आता बोला.

तेवढ्यात संहिता म्हणाली, "अक्का, एक विचारू?" तिनं जुना शब्द शेजारी उघडला होता आणि दोन्हींवर बोट ठेवून ताडून बघत होती. "जुन्यात तुम्ही तीन नंबर घेतलेत. दाब, उंची आणि टेंपरेचर. आत्ता दोनच घेतले, तरी उत्तर तेच आलं. हे टेंपरेचर जुन्यात इकडून तिकडं फिरवता, फिरवता, आणि लास्टला टाकूनच देता की. मग घेतलंत कशाला?"

बरं वाचायला शिकली होती ती. मी तो आकडा कशाला घेतला होता ते जगात एकाच माणसाला माहीत होतं. दोन आकड्यांची ओळ कुणीही सोडवली असती. तिसरा घातला की माणूस त्याच्यामागं जातो, हा कुठं वापरलाय, कशात मिळवलाय, आणि शेवटी डोकं धरून माझ्याकडं येतो. श्रीवत्सनंच मला वाट करून दिली. सभ्य मुलगा म्हटलं ना. "हिस्टॉरिकल रीझन होगा, है ना मॅडम? पुराने सेन्सर का कुछ?" हो म्हणायचं, बस. एक मान हलवायची. जुना सेन्सर, जुना काळ, कोण तपासतंय. मान हलली असती तर शब्दही सुटला असता, कोडही वाचला असता, कदाचित दोन वर्षंही मिळाली असती. मला ती तिन्ही हवी होती. खोटं कशाला बोलू, फार हवी होती.

"नाही," मी म्हटलं. "कुणाला कळू नये म्हणून घेतला." संहितानं माझ्याकडं बघितलं, तिला मराठी कळत होती पण बोलणं कळलं नव्हतं. मग मी तेच श्रीवत्सला हिंदीत सांगितलं, सगळं सांगितलं. नोकरी जाईल म्हणून एक शब्द मुद्दाम असा लिहिला की माझ्यावाचून कुणाचं चालू नये. बोलताना कान गरम झाले होते, पण आवाज चढाच होता, माझा चढतोच. मी म्हटलं, माझी लबाडी एका ओळीची आहे, ती माझ्या नावावर मांडा. पण उरलेली अडीचशे पानं मोठ्यांदा वाचून तपासून घेतलेली आहेत, ओळन् ओळ, वाफेनं हात भाजलेल्या माणसाकडून. तुम्हाला नवी भाषा हवी असेल तर नव्यानं लिहा, कंपनी तुमची आहे. वाचता येत नाही म्हणून लिहिलं, असं माझ्या सहीनं लिहायचं नाही. आणि नव्यानं लिहाल ते आधी कुणाला तरी वाचून दाखवा, एवढं या पोरीकडून करून घ्या.

श्रीवत्सनं विचारलं, अगदी हळू, "मॅडम, अब ये वर्ड भी सबको समझ में आ गया. फिर एक्सटेन्शन किस बेसिस पे दूँ?" त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच प्रश्न पडला होता. मी म्हटलं, नका देऊ.

मग पेन घेतलं. छापलेल्या निवेदनावर एक सरळ रेघ मारली आणि खालच्या मोकळ्या जागेत मराठीत लिहिलं, हा कोड वाचता येतो. त्यातला एक शब्द मी मुद्दाम वाचता येऊ नये असा लिहिला होता, तो आज सोडवून दिला आहे. श्रीवत्सनं संहिताकडून त्याचा अर्थ विचारून घेतला. तो अस्वस्थ झाला, खुर्ची पुढं ओढून म्हणाला, "दूसरा सेंटेन्स काट दीजिए, मॅडम. आपके भले के लिए बोल रहा हूँ. ये फाइल में रहेगा, हमेशा." संहिताही म्हणाली, "हो अक्का, पहिलं तेवढं राहू द्या, सरी."

"दुसरं काढलं तर पहिल्यावर कोण विश्वास ठेवील?" मी म्हटलं, आणि दोन्ही वाक्यांच्या खाली सही केली.